परसातलं इंजान

आमच्या गावात रेल्वेला कुणी रेल्वे म्हणत नव्हतं, 'लाईट' म्हणायचे. 'लाईट आली', 'लाईट चुकली', 'लाईटीनं बार्शीला जाऊन आलो'. घराघरात रॉकेलचे दिवे होते, त्यामुळं या शब्दानं कुणाचा घोटाळा होत नव्हता. बार्शी लाईट रेल्वे हे कंपनीचं पुरं नाव. त्यातला मधला शब्द लोकांनी उचलला आणि बाकीचं नाव कागदावर राहू दिलं. इंजिनाला मात्र सगळे 'इंजान' म्हणायचे. माझे चुलते, आप्पा, कुर्डुवाडीच्या कारखान्यात त्या इंजिनांच्या बॉयलरवर काम करायचे. वडील घरीच तांबटकाम करायचे. एक भाऊ लोखंडाच्या पोटात वाफ कोंडायचा, दुसरा तांब्याच्या बंबात आंघोळीचं पाणी तापवायची सोय करायचा. मी या दोघांच्या मधे वाढलो. त्यामुळं साठीनंतर विलायतेत लोकांच्या बागांमधून धावणारी गुडघ्याएवढी वाफेची इंजिनं बघितली, तेव्हा मला ती खेळणी वाटली नाहीत.

त्या इंजिनांचा इतिहास मी पुढं जमेल तसा वाचत गेलो. तो आपल्या माणसांनीही ऐकावा असा आहे. हातात असलेलं ज्ञान कागदावर कसं उतरतं, आणि उतरलं नाही तर त्याचं काय होतं, ते त्यात दिसतं.

आधी लाईटीचं सांगतो, कारण धागा तिथूनच निघतो. मुंबईहून सोलापूरकडं जाणारी मोठी रेल्वे बार्शीला टाळून गेली. बार्शी कापसाची मोठी पेठ, पण माल बैलगाडीनं स्टेशनापर्यंत आणायला लागायचा. त्या स्टेशनाचं नावच 'बार्शी रोड' होतं. तेच आजचं कुर्डुवाडी. एव्हरर्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर १८८२ मध्ये जीआयपी रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. स्वस्तातली छोटी रेल्वे कशी बांधावी, याचा त्याला ध्यास होता. रूळ फक्त अडीच फूट रुंदीचे ठेवायचे आणि इंजिन असो की डबा, कुठल्याच आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, अशी त्याची युक्ती होती. भार सारखा वाटला की रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, खर्च निम्म्यावर येतो. १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी ही सुमारे २१ मैलांची गाडी सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. सगळी मिळून २०० मैलांच्या आसपास. १९५४ मध्ये ती सरकारनं घेतली. आषाढीला त्या गाडीच्या टपावरसुद्धा वारकरी बसलेले असत.

हिंदुस्थानात धाडण्याआधी कॅलथ्रॉपनं बार्शीची इंजिनं आणि डबे इंग्लंडात लीड्सजवळ, न्यूले इथं, मुद्दाम टाकलेल्या रुळांवर चालवून दाखवले होते. ते बघायला रेल्वेचे जाणकार जमले होते. तिथं त्याचं नाव झालं. पुढं स्टॅफर्डशायर परगण्यात मॅनिफोल्ड नावाच्या नदीच्या खोऱ्यात तशीच अडीच फुटी रेल्वे बांधायचं काम त्याच्याकडं आलं. १९०४ मध्ये ती सुरू झाली. तिची दोन इंजिनं बार्शीच्या इंजिनांच्या वळणावरच बेतली होती. त्यांच्या कपाळावर मोठाले दिवे होते, आपल्याकडच्या रानावनातून रात्रीची गाडी न्यायला लागतात तसले. आठ मैलांच्या त्या विलायती खोऱ्यात त्यांचं काही काम नव्हतं, पण नकाशाबरोबर दिवेही गेले. १९३४ मध्ये ती रेल्वे बंद पडली. आता तिथं पायवाट आहे.

माझी लेक त्याच भागात नोकरीला. तिच्याकडं काही महिने राहायला गेलो होतो तेव्हा त्या पायवाटेवरून चाललो. शेजारच्या गावात एक सार्वजनिक बाग होती आणि बागेच्या कडेनं, गुडघ्याएवढ्या उंचीच्या खांबांवर, बोटभर जाडीचे रूळ गोल फिरवलेले होते. रविवारी तिथं पाच-सहा म्हातारे आपापली इंजिनं घेऊन आले. कुणी बसचा ड्रायव्हर होता, कुणी शाळामास्तर, कुणी कारखान्यात फिटर. इंजिन मांडीवर मावेल एवढं. त्यात खरा कोळसा, खरं पाणी, खरी वाफ. त्याच्यामागं एक सपाट गाडी, तिच्यावर हे बाबा दोन्हीकडं पाय सोडून बसलेले, आणि त्यांच्या पाठीमागं चार-पाच पोरं. ते एवढंसं इंजिन या सगळ्या गोताला ओढत फुसफुस करत निघालं. मी कुठला म्हणून त्यांतल्या एकानं विचारलं. पुण्याचं नाव सांगून भागलं असतं, पण मी बार्शी म्हणालो. तो म्हणाला, "बार्सी लाईट?" आणि हातातला फावडा, चहाच्या चमच्याएवढा, तसाच धरून माझ्याकडं बघत राहिला. मॅनिफोल्डच्या इंजिनांचं छोटं रूप करणाऱ्या लोकांना आमच्या तालुक्याचं नाव पाठ होतं.

आता हे वेड आलं कुठून? एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात पितळेची वाफेची खेळण्यातली इंजिनं मिळायची. खाली स्पिरिटचा दिवा, वर पाण्याची नळी. ती सतरंजीवरून पाणी गाळत चालायची, म्हणून त्यांना थट्टेनं 'गळकी' म्हणत. आपल्याकडं जत्रेत पत्र्याची आगबोट मिळते, मेणबत्ती लावली की परातीतल्या पाण्यात टकटक करत फिरते, तिची ही चुलत भावंडं. पण लेथवर बसून मनापासून काम करणाऱ्या माणसाचं एवढ्यावर समाधान होत नव्हतं. १८९८ मध्ये, म्हणजे बार्शीची लाईट सुरू झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, पर्सिव्हल मार्शल नावाच्या गृहस्थानं लंडनमध्ये 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक काढलं. त्याच वर्षी तिथं हौशी लोकांची एक सोसायटीही निघाली. दिवसभर दुसऱ्याच्या कारखान्यात राबून संध्याकाळी घरामागच्या खोपटात स्वतःचं काहीतरी घडवणारा माणूस, हा त्या नियतकालिकाचा वाचक.

या वाचकांपुढं एक अडचण होती. छोट्या इंजिनात कोळसा नीट जळत नाही, खऱ्या इंजिनासारखा बॉयलर लहान आकारात चालत नाही, अशी जाणत्यांची समजूत होती. म्हणून बहुतेक जण स्पिरिटवर चालणारे बॉयलर वापरत. वारा आला की ज्योत हलायची, वाफ पडायची. इंजिन स्वतःला आणि दोन डब्यांना ओढलं तरी खूप.

ही समजूत मोडली ती 'एल.बी.एस.सी.' या सहीनं लिहिणाऱ्या माणसानं. लंडन, ब्रायटन अँड साऊथ कोस्ट रेल्वे या कंपनीच्या नावाची ही आद्याक्षरं. तो स्वतः त्या रेल्वेत काम केलेला. आडनाव लॉरेन्स, ओळखीचे लोक 'कर्ली' म्हणायचे. १९२२ मध्ये 'मॉडेल इंजिनिअर'मधून या प्रश्नावर वाद पेटला. त्याला पुढं 'बॉयलरांची लढाई' असं नाव पडलं. लॉरेन्सचं म्हणणं असं, की खऱ्या इंजिनासारखा, आतून नळ्या गेलेला, कोळशावर चालणारा बॉयलर लहान आकारातही चालतो, आणि तोच चांगला चालतो. मोठमोठ्या नावांचे लोक त्याच्या विरुद्ध. त्यानं वाद घालत बसण्यापेक्षा आपलं इंजिन आणून रुळांवर ठेवलं. 'आयेशा' तिचं नाव. रुळांची रुंदी अवघी अडीच इंच, म्हणजे आपल्या लाईटीच्या बारावा हिस्सा. १९२४ पर्यंत लंडनच्या लोकांनी ती आयेशा चालत्या माणसाला, अंगापिंडानं भरलेल्या माणसाला, ओढून नेताना डोळ्यांनी बघितली. लढाई तिथं संपली.

यात खुबी काय होती, ते मला वाचायच्या आधीपासून ठाऊक होतं, कारण ती आमच्या न्हाणीघरात होती. तांब्याचा बंब बघा. खाली जाळी, तिच्यावर कोळसा नाहीतर गोवऱ्या. जाळीवरून मधोमध एक नळी उभी वर गेलेली, तीच धुराडं. नळीच्या भोवती पाणी. जाळ नळीतून वर जाता जाता आपली ऊब पाण्याला देऊन जातो. म्हणून परातीतल्या पाण्यापेक्षा बंबाचं पाणी निम्म्या सरपणात तापतं. इंजिनाचा बॉयलर म्हणजे असा बंब आडवा पाडायचा आणि एका नळीच्या जागी अनेक नळ्या घालायच्या. फरक एकच, पण जीवघेणा. बंबाचं तोंड उघडं असतं. इंजिनाचं तोंड बंद असतं. एक लिटर पाण्याची वाफ मोकळ्या हवेत साधारण १,६०० लिटर जागा मागते. ती कोंडली की मग तिच्या हातात जोर येतो.

आता हा बॉयलर लहान करायचा म्हणजे सगळं त्याच मापानं लहान करायचं, असं कुणालाही वाटेल. समजा सोळापट लहान केला. लांबी सोळाव्या हिश्शावर आली. पण पत्र्याचं क्षेत्रफळ २५६ व्या हिश्शावर येतं आणि आतलं पाणी ४,०९६ व्या हिश्शावर. ४० टनांचं इंजिन दहा किलोचं होतं. पाणी एवढं कमी आणि त्या मानानं पत्रा भरपूर, त्यामुळं ते तापतं झटकन आणि गार पडतंही झटकन. नळ्यांचं त्याहून अवघड. मोठ्या बॉयलरात दोन-दोन इंचांच्या नळ्या शेकड्यानं असतात. सोळापट लहान केल्या तर विणायच्या सुईएवढ्या होतील, आणि पहिल्याच फेरीत काजळीनं बुजतील. जाळाला आणि धुराला आपलं माप कळत नाही. कोळशाचा खडाही हरभऱ्याएवढा तरी लागतोच, मोहरीएवढा करून चालत नाही. म्हणून लॉरेन्सनं नळ्या थोड्या घेतल्या, पण रुंद घेतल्या. बाहेरून इंजिन मोठ्या इंजिनासारखं दिसू दे, पण आत जाळाला लागेल तेवढी जागा द्यायची. निसर्गाला आखणीच्या पट्टीवर लहान करता येत नाही, हे त्या छंदातलं पहिलं सूत्र झालं.

आमचे वडीलही हेच करायचे. बंब लहान असो की मोठा, मधल्या नळीत हात गेला पाहिजे, असा त्यांचा नियम होता. गिऱ्हाईक म्हणालं, "नळी बारीक करा, पाणी जास्त मावंल," तर ते म्हणायचे, "पानी मावंल, पन तापनार न्हाई." याची गणितं त्यांनी मांडली नव्हती.

लढाई जिंकल्यावर लॉरेन्सनं जे केलं, ते मला लढाईपेक्षा मोठं वाटतं. १९२४ पासून तो 'मॉडेल इंजिनिअर'मध्ये दर आठवड्याला लिहायला लागला. 'शॉप, शेड अँड रोड' हे सदराचं नाव. पस्तीसेक वर्षं तो लिहीत राहिला. दर वेळी नवं इंजिन, पहिल्या खिळ्यापासून शेवटच्या रंगापर्यंत. पत्रा कुठल्या जाडीचा, भोक आधी कुठलं पाडायचं, पाना बसत नसेल तर काय करायचं. भाषा कारखान्यातली, जेवणाच्या सुट्टीत दोन कामगार बोलतात तशी. मजकूर आणि नकाशे यांना तो गाण्यातले शब्द आणि चाल म्हणायचा. चाल ओळखीची असली की कुणीही गातो, तसं. नकाशातल्या रिव्हेटा मोजून चुका काढणाऱ्या शहाण्यांना त्यानं 'इन्स्पेक्टर मेटिक्युलस' असं नाव देऊन ठेवलं होतं, आणि दर दोन-चार लेखांत त्याची टिंगल असायची. साध्या माणसाला इंजिन करता यावं, त्यानं घाबरू नये, एवढाच त्याचा हट्ट.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत त्यानं अगदी नवख्यांसाठी 'टिच' नावाचं चार चाकांचं इंजिन दिलं. साडेतीन इंच रुंदीच्या रुळांवरचं, मुद्दाम सोपं. बागेत मला भेटलेल्या त्या बसड्रायव्हरचं इंजिनही टिचच होतं. ते करायला त्याला नऊ वर्षं लागली होती. लेथ जुना, पायानं चालवायचा. त्याच्याजवळ त्या लेखांची कात्रणं होती, तेलाच्या बोटांचे ठसे उमटलेली. लॉरेन्स १९६७ मध्ये वारला. त्याला कधी न भेटलेला माणूस त्याच्या शब्दांवर इंजिन घडवत होता.

त्या बाबानं मला इंजिन पेटवायची रीत दाखवली. आधी पाणी. काचेच्या नळीत पाण्याची पातळी दिसते, ती अर्ध्यावर आली की पुरे. मग कोळशात रॉकेलमध्ये भिजवलेला लाकडी कोळसा घालून काडी लावायची. जाळ ओढून घ्यायला धुराड्यावर छोटा विजेचा पंखा बसवायचा. पंधरा-वीस मिनिटांत वाफेचा काटा हलायला लागतो. थोडी वाफ झाली की पंखा काढायचा आणि इंजिनाची स्वतःचीच वाफ धुराड्यातून सोडायची, म्हणजे जाळाला ओढ लागते. काटा ८० पौंडांवर आला की सेफ्टी व्हॉल्व्ह शिट्टी घालतो. मग निघायचं. चालताना उजवा हात कोळशाला, डावा पाण्याला, डोळा काचेवर. एक फेरी नीट चालवली तर चेहऱ्यावर घाम येतो. काम संपलं की राख पाडायची, नळ्या ब्रशानं झाडायच्या, उरलेली वाफ सोडून बॉयलर रिकामा करायचा.

दर वर्षी प्रत्येक बॉयलरची तपासणी होते. नवा बॉयलर असेल तर चालवायच्या वाफेच्या दुप्पट दाबानं त्यात थंड पाणी कोंडतात. पाणी का, तर फुटलं तरी पाणी उडत नाही, नुसतं झिरपतं. वाफ फुटली तर माणूस जातो. कागद नसेल तर इंजिन कितीही देखणं असो, बागेत येत नाही.

ही शिस्त हौसेला का हवी, याचं उदाहरण अमेरिकेत आहे. मिकी माऊसवाले वॉल्ट डिस्ने या छंदात बुडालेले होते. लॉस एंजेलिसमध्ये नवं घर बांधलं तेव्हा १९५० मध्ये त्यांनी परसात अर्ध्या मैलाची, सव्वासात इंची रुळांची रेल्वे टाकली. इंजिनाला बायकोचं नाव दिलं, 'लिली बेल'. बायकोच्या फुलांच्या वाफ्यातून रूळ जाऊ नयेत म्हणून खालून नव्वद फुटांचा बोगदा खणला, आणि घरातल्यांकडून जागेच्या हक्काचा करारनामासुद्धा सही करून घेतला, अर्थात गमतीनं. पाहुणे रांग लावून बसायचे. पण १९५३ मध्ये गाडी घसरली आणि निघालेल्या वाफेनं एका लहान मुलीला भाजलं. डिस्नेंनी ती रेल्वे बंद केली. दोन वर्षांनी डिस्नेलँड उघडलं तेव्हा त्याच्या भोवतीनं वाफेची गाडी फिरत होती, पण ती पगारी रेल्वेमाणसांच्या हातात होती. एका माणसाच्या परसातून केवढं मोठं काही निघू शकतं हे त्यात दिसतं, आणि एक सैल सांधा काय करू शकतो हेही.

आप्पांचं सगळं काम या सैल सांध्याभोवती होतं. इंजिनाच्या जाळपेटीला आतला एक पत्रा आणि बाहेरचा एक पत्रा असतो, मधे पाणी. वाफेच्या दाबानं ते दोन्ही फाकू नयेत म्हणून त्यांना शेकडो सळयांनी जोडलेलं असतं. त्या सळयांना स्टे म्हणतात. एखादी सळी आतून तुटली तर डोळ्याला दिसत नाही. आप्पा लहान हातोडी घेऊन एकेका सळीच्या डोक्यावर टक मारत जायचे. साबूत सळी खणकन वाजते, तुटलेली भद्द बोलते. मी शाळेत असताना एकदा ते मला घेऊन गेले होते. "बाळू, डोळं मीट," म्हणाले, "आन् आता सांग कुठली मेली." मी तिसऱ्या टोल्याला ओळखली. ते काही बोलले नाहीत, पण घरी येताना भजी घेतली.

आमच्या भागातलं पाणी जड. बॉयलरच्या आत क्षारांचा थर चढतो, भांड्याच्या बुडाला चढतो तसा. थर वाढला की पत्रा पाण्यापासून तुटतो आणि लाल होतो. थर किती झाला हे आप्पा धुतल्या पाण्याच्या रंगावरून आणि बोटांत चोळून सांगायचे. जाळपेटीच्या डोक्यावर शिशाचा बूच असायचा. पाणी कमी पडून ते डोकं उघडं पडलं तर शिसं वितळतं आणि वाफ जाळावर येते, गाडी थांबते, माणूस वाचतो. "पानी आधी, जाळ मागनं," हे ते उठता-बसता म्हणायचे. आईही आम्हाला तेच म्हणायची, बंब पेटवताना. कोरडा बंब पेटवला की डाग सुटतो आणि बंब गळायला लागतो. तांबटाच्या घरात एवढं सगळ्या पोरांना कळायचं.

आप्पांना सही करता यायची, त्याहून फारसं लिहिणं नव्हतं. ते निवृत्त झाले तेव्हा वाफेच्या जागी डिझेल येत होतं. त्यांना हार घातला, नारळ दिला, घड्याळ दिलं. त्यांच्या कानात काय होतं ते कुणी विचारलं नाही. विचारायची रीतच आपल्याकडं नव्हती. कारागिराची विद्या मुलानं शिकायची, मूल दुसरीकडं गेलं तर विद्या संपायची. २००० नंतरच्या दहाएक वर्षांत लाईटीचे रूळ उखडून रुंद रूळ पडले. माल आणि माणसं जास्त जायला लागली, त्याबद्दल तक्रार नाही. आषाढीला टपावर बसायची पाळी येत नाही, हे चांगलंच झालं. पण अडीच फुटी बॉयलर धुणारे, स्टे ठोकून ऐकणारे हात त्या रुळांबरोबर गेले.

इंग्लंडातही मोठी वाफ गेली. ११ ऑगस्ट १९६८ ला ब्रिटिश रेल्वेनं मोठ्या रुळांवरची आपली शेवटची वाफेची गाडी चालवली. त्यानंतर तिकडच्या हौशी लोकांनी वर्गणी काढून 'टोर्नेडो' नावाचं अगदी नवं, पूर्ण आकाराचं इंजिन बांधलं. २००८ मध्ये ते चाललं. पण त्याचा बॉयलर जर्मनीतल्या मायनिंगेनच्या रेल्वे कारखान्यातून करून आणावा लागला. ज्या देशानं जगाला इंजिन दिलं, त्याला मोठा बॉयलर करून घ्यायला बाहेर जावं लागलं. छोट्या बॉयलरचं मात्र तसं झालं नाही. ती विद्या घरामागच्या खोपटांत, रद्दीत न घातलेल्या कात्रणांत जिवंत होती. तिला कारखाना बंद करू शकला नाही, कारण ती कारखान्यावर अवलंबूनच नव्हती.

परत आल्यावर गावाकडच्या घराच्या परसात मी एक पत्र्याची शेड घातली. पुण्यात टर्नर म्हणून पस्तीस वर्षं काढली होती, लेथ हाताखालचा होता. टिचचे नकाशे त्या बाबानंच दिले. चाकं आणि चौकट झाली, सिलिंडर बसले, आणि सायकलवाल्याच्या हवेच्या पंपावर इंजिन चाललं. वाफेआधी हवेवर चालवून बघतात, तशी रीतच आहे. बॉयलर माझा चुलतभाऊ करतोय, आप्पांचा धाकटा. तो माझ्या वडिलांच्या हाताखाली तांबटकाम शिकला. तांबं ठोकलं की ताठरतं, पुन्हा लाल करून पाण्यात बुडवलं की मऊ होतं, मग पुन्हा ठोकायचं. नकाशात हे दोन पानांत समजावून सांगितलंय. त्यानं ते बघितलं आणि म्हणाला, "दादा, हे आपल्याला कशाला लिवून दिलंय?" घागरीच्या काठाला जशी वळण देतो तशी त्यानं बॉयलरच्या दोन्ही टोकांची झाकणं लाकडी साच्यावर वळवली. मठारकामाची हातोडी वापरली. फक्त कथलाच्या डागानं इथं चालत नाही, तो वाफेला टिकत नाही. चांदीचा डाग लागतो, सहाशे अंशांच्या वर तापवून लावायचा. तोही त्यानं एका सोनाराच्या पोराकडून शिकून घेतला.

संध्याकाळी आम्ही एक वही घेऊन बसतो. कुर्डुवाडीच्या कारखान्यातले आप्पांच्या बरोबरीचे दोघे अजून आहेत, एक ऐंशीच्या पुढचे. ते सांगतात, मी लिहितो. ज्या शब्दात सांगतात त्याच शब्दात लिहितो, शुद्ध करत नाही. 'भद्द' हा शब्द 'मंद ध्वनी' असा लिहिला तर त्यावरून कुणाला तुटकी सळी ओळखता येणार नाही. आतापर्यंत छप्पन्न पानं झालीत. बॉयलर धुण्याची रीत, काचेची नळी चालत्या इंजिनात बदलायची रीत, कोळसा ओला असेल तर काय करायचं, धूर काळा झाला तर कुठं बघायचं.

बॉयलरचा पाण्याचा दाब दोन आठवड्यांपूर्वी घेतला. १६० पौंडांपर्यंत चढवला, मागच्या झाकणाच्या एका स्टेशी थेंब दिसला. चुलतभावानं तो स्टे पुन्हा तापवून डाग दिलाय. ऐंशीचे बाबा म्हणाले आहेत, दुसऱ्यांदा दाब घ्याल तेव्हा मला बोलवा, आणि हातोडी घेऊन येतो. तांब्यावर टोला तसा वाजत नाही हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "वाजतंय की. ऐकायचं दुसरं आसतंय." त्याचीही नोंद करायची आहे.